मोरीत ओतलेली उपळसरी

वहिनी रोज सकाळी हातात देत तो काढा मी मोरीत ओतत होतो आणि "प्यायलो" म्हणून सांगत होतो. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास, असं घरचे आजही म्हणतात. मला ते मान्य नाही.

संस्थानं विलीन झाली आणि संस्थानाच्या कचेरीतून मी तेव्हा नुकताच मध्य भारत राज्याच्या कचेरीत आलो होतो. राहायला थोरल्या भावाकडे. उन्हाळ्यात मानेवर गळवं आली. सदऱ्याची कॉलर लागली की जीव जायचा. अंगातली उष्णता म्हटली की वहिनींचं औषध ठरलेलं. उपळसरी, म्हणजे इथले लोक जिला अनंतमूल म्हणतात ती. लहान मुलाला लघवीला जळजळ झाली, कुणाचं तोंड आलं, तरी गल्लीतल्या बायका तीच मागायला यायच्या. जवळच्या सांवेर गावाकडची एक मालवी बाई दर गुरुवारी टोपलीतून मुळ्या आणायची. वहिनी त्या धुऊन, खलबत्त्यात चेचून रात्रभर भिजत घालत. सकाळी मंद आचेवर झाकण ठेवून पाणी निम्मं होईपर्यंत उकळत. झाकण काढलं तर वास उडतो आणि वासाबरोबर गुणही, असं त्यांचं म्हणणं. मग गाळून दूध, खडीसाखर.

काढा चवीला वाईट नव्हता. पण तो चहाऐवजी होता, एकवीस दिवस, आणि मला चहा सोडवत नव्हता. कचेरीजवळ मी चहा रोज पीत होतो, वर कचोरीही खात होतो.

महिन्याने गळवं होती तशीच. वहिनींनी त्या बाईला दारातच धरलं. शेजारणी जमल्या.

"कुठलीही मुळी उपटून आणतेस आणि अनंतमूल म्हणून गळ्यात मारतेस."

"म्हारी जड़ झूठी नी है, बई." तिने एक मुळी मोडून अर्धी वहिनींच्या नाकाशी धरली, अर्धी स्वतः चावली आणि माझ्याकडे बोट केलं. "भिया से पूछो, पी भी कि नहीं."

"आमचे भाऊजी खोटं बोलत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मी ओट्यावर दाढी करत होतो. करतच राहिलो.

गल्लीने तिच्याकडून घेणं बंद केलं, पण तिने येणं बंद केलं नाही. दर गुरुवारी त्याच वेळी तीच आरोळी, आमच्या दारापुढे तर जरा जास्तच खणखणीत. एक शेजारीण म्हणाली, "लाज नाही हिला." ती वळून म्हणाली, "जिसने झूठ बोला, उसको आए," आणि टोपली सावरत पुढे गेली. सहा गुरुवार मी हे घरात बसून ऐकलं. मग वहिनींना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी तिला चारचौघींत बोलले, भाऊजी. तुम्हीही चारचौघींतच सांगा. माझं मी तिच्याशी बघते."

दादा चिडले. "टोपलीवालीची माफी मागणार? सरकारी नोकर ना तू? गुपचूप मुळ्या विकत घे, झालं."

"मुळ्या घेऊन तिच्यावरचा आळ जात नाही," मी म्हणालो. दादांना उलटून बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

गुरुवारी आरोळी ऐकून बाहेर आलो. "बाई, जड़ सच्ची थी. मैंने पी ही नहीं."

"जोर से बोलो, भिया. उस दिन तो पूरी गली सुन री थी."

समोरच्या दारांत बायका आल्या होत्या. दादा खिडकीत होते. मी ओट्यावर उभा राहिलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "जड़ सच्ची थी. काढ़ा मैं मोरी में फेंकता था, और आप पर इल्ज़ाम लगा तब भी चुप रहा. मुझे माफ कर दो."