आधी पाऊणपट, मग बटण

सलीमचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बंद पडलेलं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करत होते. "ताई, आपा गेली…" एवढंच तो बोलू शकला. त्याची आपा म्हणजे थोरली बहीण, माझी मैत्रीण शमीम. ती भौतिकशास्त्र शिकवायची, मी गणित. मालवणच्या एकाच कॉलेजात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आमच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. पडद्यावर 'नूतनीकरण पूर्ण' अशी अक्षरं आली होती. आमच्या जुन्या भांडणाचा निकाल माझ्या बाजूनं लागला होता आणि भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं.

भांडण याच सॉफ्टवेअरवरून होतं. आलेख काढायला, अवघड समीकरणं सोडवायला कॉलेजनं चांगलं विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं, हा माझा हट्ट. आणि शमीमचा सगळा भर इंटरनेटवरच्या मोफत साधनांवर. 'फुकट ते पौष्टिक' म्हणून मी तिला चिडवायचे. ती शांतपणे विचारायची, "रेडीची पोरगी घराक जाताना तुझी लॅब पिशयेत घालून न्हेतली काय गो?" तरी मी हार मानली नाही. मोठं गणित आलं की ती मोफत साधनं अर्ध्यात मान टाकतात, हे मी आजही म्हणेन. कॉलेजनं शेवटी सॉफ्टवेअर घेतलं. शमीम वर्गात मात्र मुलांना मोबाईलच काढायला लावायची.

रेडीची पोरगी म्हणजे रेडी गावची आमची निकिता, शेवटच्या वर्षाची. प्रकल्पासाठी तिनं भरती-ओहोटीचा विषय घेतला आणि पहिला आलेख एका मोफत संकेतस्थळावर काढला. तो इतका देखणा उतरला की मीसुद्धा वाहवा केली. शमीमनं चष्मा कपाळावर चढवून तो जवळून पाहिला. "गो निकिता, ह्यो दर्यो आसा काय चुलीवरचा आधण?" आलेखात तासाभरात चार-पाच वेळा भरती येत होती! कोन अंशांत घातला होता आणि साधनानं तो रेडियन या दुसऱ्या मापात धरला होता. समुद्राकाठी वाढलेली मुलगी, पण पडदा बघताना समुद्रच विसरली. आम्ही सगळे खूप हसलो, निकिताही हसली.

दुसऱ्या दिवशी शमीमनं घरून तिथ्यांचं कॅलेंडर आणून संगणकाशेजारी टांगलं. तिच्या वडिलांचा मासळीचा धंदा होता, त्यामुळे त्या घरात ईदच्या चंद्राइतकीच तिथीही पाहिली जायची. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते. म्हणजे चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. हिशेब ढोबळ आहे, पण आधणाला समुद्र म्हणू देत नाही. तेव्हापासून नियम झाला: आधी पाऊणपट, मग बटण. दोन्ही जुळलं नाही तर दोन्ही तपासायचं. भरतीच काय, लंबकाच्या गणितालाही आधी तोंडी अंदाज सांगितल्याशिवाय ती कुणाला मोबाईलला हात लावू देत नसे. महिना बदलला की कॅलेंडरचं पान मात्र ती स्वतः उलटायची. ते काम तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

मग तिचं आजारपण आलं… आणि त्याच सुमाराला सॉफ्टवेअरची मुदत संपली. नूतनीकरण कागदपत्रांत अडकलं. निकिताचं पुढचं सगळं काम त्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत होतं, त्या उघडेनात आणि प्रकल्प द्यायची वेळ तर जवळ आलेली. पोरगी रडकुंडीला आली. शमीमनं तिला घरी बोलावलं, मीही सोबत गेले. ओट्यावर उशीला टेकून, दम लागत असताना, तिनं सगळं पुन्हा मोफत साधनांवर मांडायला घेतलं. त्यातच नेट गेलं. आता मला टोमणा मारायची संधी होती, पण मी काही बोलायच्या आत तीच हसली. "इकतचा काय नि फुकटचा काय, दोन्य लोकांचा. अंदाज तेवढो आपलो." उरलेली दुपार त्या दोघी कागदावर अंदाज मांडत बसल्या. मी चहा करत राहिले. निघताना शमीमनं माझा हात धरला. "घे तुझा ता सॉफ्टवेअर… पण माझा कॅलेंडर काढू नको गो." आमची तीच शेवटची भेट.

मी कॅलेंडर काढलं नाही. खरं तर त्याला हातच लावला नाही. तिनं उलटलेलं शेवटचं पान तसंच राहिलं, महिना सरला तरी राहिलं. शिपाई पुढे झाला तर त्याच्यावर मी उगाच खेकसले. ते पान उलटलं की ती खरोखर गेली, असं मला वाटत होतं.

परवा निकिता सुरू झालेल्या सॉफ्टवेअरवर शेवटचा आलेख काढायला बसली. बटणाशी नेलेलं बोट थांबलं. तिनं मान वर करून कॅलेंडर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, पान परतूक व्हया… नायतर भरती चुकतली."

माझा हात काही पुढे होईना. तीच उठली. पान उलटून तिनं आजच्या तिथीवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत पाऊणपट करू लागली.