शेजारच्या सीटपुढचं मॅट

हे गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी पहिल्यांदाच गॅरेजला नेली. ब्रेक कधी लागायचा, कधी नुसताच खाली जायचा. मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि मला ह्यांच्या सीटवर बसवून म्हणाला, "वहिनी, दाबा. सोडा. आता दाबून धरा." तो सांगेल तसं मी करत राहिले. "ब्रेकच्या तेलाच्या लाईनमध्ये हवा धरली होती," तो म्हणाला. पेडल हळूहळू कडक झालं.

हात पुसताना तो डावीकडे वाकला. "इकडचं मॅट कशानं फाटलं?"

"तिथं मी बसायचे. ह्यांनी ब्रेक दाबला की माझाही पाय दाबला जायचा."

इतकी वर्षं ती गाडी आम्ही दोघं थांबवत होतो म्हणायची.

घरी येताना ती पहिल्याच दाबात थांबली. शेजारच्या मॅटवर कुणी पाय रोवला नाही.