अवघडावरची हळद

माझी ही फजिती कुरुंद्यात आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण जो तो तिखटमीठ लावून सांगतो, म्हणून म्हटलं, मूळ मालकिणीनेच एकदा सांगून टाकावी. चहा घ्या अन् ऐका. हसू आलं तर हसा, पण मधेच उठू नका. खरी फजिती शेवटी आहे.

माझी नात प्रज्ञा बारावीला होती. परीक्षा महिन्यावर आली अन् पोरगी मोबाइलातलं शेत करत बसलेली. हो, शेत. नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, सगळं बोटाने. नववीपासून जमवलेलं ते. विहीर, गोठा, बांधावर लिंबाची झाडं. मी सरळ मोबाइल काढून घेतला.

"पेपर होईस्तोवर हे माझ्यापाशी राहील."

"घे, आजी. पण माझं शेत कोण पाहील? तीन वर्षांचं हाय ते."

"मी पाहते."

"तू?"

तो "तू" मला झोंबला. काहून, ते सांगते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. खताच्या पोत्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. आज विहारात ग्रंथ वाचायला बायका मलाच पुढे बसवतात. अन् हळद म्हणाल तर चाळीस वर्षं केली. अशा बाईला ही काल जन्मलेली पोरगी विचारते, तू?

"जसंच्या तसं परत देईन," मी म्हणाले. "शब्द हाय माझा. तू फक्त अभ्यास कर."

तिने त्यातलं सगळं माझ्यासाठी मराठीत करून दिलं. म्हणाली, "मी मध्यमवर खेळते, तुला सोप्यावर टाकून देते. सोप्यावर पीक कधी मरत न्हाई. अन् हे बघ आजी, पीक चमकलं की लगेच..."

"प्रज्ञे, मला शेती शिकवू नको. जा, पुस्तक उघड."

गेली. अन् शेवटच्या पेपरपर्यंत तिने मोबाइलकडे ढुंकून पाहिलं नाही. पोरीने तिचा शब्द पाळला. आता माझ्या शब्दाचं काय झालं, ते ऐका.

दोन दिवस मी सोप्यावर केलं. इतकी बेचव शेती मी जन्मात पाहिली नाही. पेरलं की उगवलं, उगवलं की भरलं. पाणी द्यायला विसरले तरी पीक तरारलेलं. करपा नाही, डुकरं नाहीत. पीक मरणारच नसेल तर ते जगवण्यात माझं काय कर्तृत्व? मला तर कुणी लेकरासारखं मांडीवर घेऊन घास भरवतंय असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी ते दातेरी चाकाचं चित्र शोधून काढलं. आत तीन शब्द होते. सोपं, मध्यम, अवघड. मी अवघड दाबलं.

अन् मग मजा आली, खोटं कशाला बोलू. रानडुकरं आली, मी बोटाने हाकलली अन् तोंडानेही हाकलली. करपा आला, औषध मारलं. एक वाफा गेला, दुसरा वाचवला. चहा कपात निवून जायचा. एकदा सून म्हणाली, "आत्याबाई, भाजी निवडता का?"

"थांब जरा, शेतात डुकरं शिरलीत."

ती बिचारी काठी घेऊन मागच्या दाराने पळाली.

हिंमत वाढली की माणूस कुठे थांबतो? पोरीने त्या शेतात कुठे फुलं, कुठे कसली तांबडी फळं लावली होती. मी सगळं मोडलं अन् बाराच्या बारा वाफ्यांत हळद लावली. होती त्यात हळद. काय डोलायला लागली म्हणता. दोन दिवसांत पानं चमकायला लागली अन् वर एक विळा हलू लागला. मला हसू आलं. हिरव्यागार पाल्याला विळा? हा खेळ ज्याने केला त्याने हळद फक्त भाजीत पाहिलेली दिसते.

तुमच्यात कुणाला ठाऊक नसेल तर सांगते. हळद हिरवी असताना काढत नाहीत. पाला पिवळा पडतो, वाळतो, जमिनीवर लोळतो, तेव्हा कुठे कंद पक्का होतो. त्याच्या आधी पाणी तोडायचं असतं. म्हणून मी पाणी तोडलं. पडद्यावर झारी नाचत होती. नाचू दिली.

मग एक चौकट आली. "तुम्हाला अवघड जात आहे का? सोपा स्तर निवडायचा का?" खाली "होय" आणि "नाही".

मी ते दोनदा वाचलं. मला अवघड? मी "नाही" दाबलं. दुसऱ्या दिवशी परत तीच चौकट. परत "नाही". पुढे पुढे तर मी वाचायच्या आधीच "नाही" दाबत होते.

पाला वाळला. बारा वाफे, सगळे तपकिरी, एकसारखे. असं पीक एकटीने बघायचं असतं का? विहारातून परत येताना मी शेजारची द्वारकाबाई अन् गयाबाई, दोघींना ओट्यावर बसवलं. दोघींची हयात हळदीत गेलेली. मोबाइल या हातातून त्या हातात फिरला.

"पाला झकास वाळला, बाई," द्वारकाबाई म्हणाली. "कुठं हिरवा ठिपका न्हाई."

गयाबाईने चष्मा पुसून पाहिलं. ती वयाने मोठी, तिचा शब्द शेवटचा. "आणखी चार दिवस राहू द्या. कंद भरंल. घाई काहून करता?"

मी चार दिवस राहू दिली.

पाचव्या दिवशी प्रज्ञाचा शेवटचा पेपर झाला. दप्तर फेकून ती माझ्यापुढे येऊन बसली. मी मोबाइल तिच्या हातावर ठेवला.

"घे. काढणीला आलीय. काढायचा मान तुझा."

तिने पाहिलं. बोटाने मोठं करून पाहिलं.

"आजी, हे मेलंय."

"वाळलंय. वाळणं अन् मरणं यात फरक असतो, बाई."

"ह्यात न्हाई."

तिने एका वाफ्याला बोट लावलं मात्र, खाली अक्षरं उमटली. "तुमचे शेत पडीक झाले आहे. पहिल्यापासून सुरू करा." गोठा गेला, विहीर गेली. लिंबाची झाडं एकेक करून गेली. तीन वर्षांचं शेत, उरलं नुसतं गवत.

पोरीच्या डोळ्यांत पाणी. आवाज मात्र साधा.

"अवघडावर कुणी टाकलं?"

"मी."

"एवढं मरून राहिलं, तर त्यानं विचारलं न्हाई का, सोपं करू का म्हणून?"

"विचारलं की."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई. दहा-अकरा वेळा असंल."

"अन् तू?"

"न्हाई म्हणत गेले."

तिने मोबाइल खाली ठेवला. मी म्हणाले, "चुकलं माझं." हे या घरात इतकं नवीन होतं की कोण बोललं ते बघायला सून हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

तिचं तोंड पाहून प्रज्ञाला हसू फुटलं. रडता रडता हसली, नाक पुसलं अन् माझ्या शेजारी सरकली. नवीन शेत काढलं. एक वाफा, एक झारी, बस.

"सोप्यावर टाक," मी हळूच म्हणाले.

"न्हाई. मध्यमचा कंटाळाच आला होता मला. अवघडावरच करू. पण आता मी सांगीन तसं. चमकलं की काढायचं. म्हण."

"चमकलं की काढायचं."

"परत म्हण."

म्हटलं परत. चाळीस वर्षांच्या हळदीवर मी मुकाट्याने बोळा फिरवला. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी त्या एका वाफ्यावर. एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. डोळ्याला सवय लागली. चमकलं की काढ, चमकलं की काढ.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते.

पाऊसकाळ सरत आला होता. मी अन् माझा मुलगा सुभाष खऱ्या शेतात गेलो. हळद कंबरेएवढी, हिरवीगार. खुरपायला बायका लागलेल्या, त्यात द्वारकाबाई अन् गयाबाईही होत्या. सकाळी पाण्याचे तुषार चालवले होते अन् ओल्या पाल्यावर ऊन पडलं. सगळं शेत चमकायला लागलं.

मी ओरडले.

"सुभाष, पळ. कुदळी आण. आत्ताच काढा, न्हाईतर वाळंल सगळी."

खुरपी थांबली. गयाबाईने चष्मा पुसला. सुभाष माझ्याकडे आला, अदबीने वाकला अन् म्हणाला,

"माय, तुमाला अवघड जाऊन राहिलं का? सोप्यावर टाकू?"

खुरपी हातात धरून साऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अन् "नाही" दाबायला तिथे बटण नव्हतं.