चकचकीत कनेक्टर आणि फलकावरील नाव

अर्जदार : दत्तू परशराम पाटील, निवृत्त हवालदार, सिग्नल. हल्ली निपाणी येथे अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय.
तक्रार कोणाविरुद्ध : अर्जदार स्वतः.
घटनेचा काळ : सन १९८० चा पावसाळा.
साक्षीदार : नायक इराप्पा, होडी क्रमांक तीनचे प्रमुख, हल्ली मुक्काम बेळगाव.
विषय : गावच्या शाळेतील सैनिकांच्या फलकावर ‘पूरकार्यात प्रशंसापत्र’ या शब्दांपुढे अर्जदाराचे नाव आहे. तेथे याच गावचे कालकथित लान्स नायक मारुती कांबळे यांचे नाव हवे.

मी सातवी पास आहे. तरी अर्जाच्या भाषेत माझा हात धरणारा या तालुक्यात कोणी नाही, हे कचेरीत कोणासही विचारावे. पुढील हकीकत नागरिकांसाठी असल्याने सोपी करून लिहितो.

आमची तुकडी बेळगावला होती. वेदगंगेला पूर आला तेव्हा चार होड्यांसह आम्हांस निपाणी भागात पाठवले. तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीच्या माळ्यावर आम्ही सेट मांडला. तो त्या काळी नवीन असलेला स्कॅनर होता. चारही होड्यांचे चॅनेल तो आळीपाळीने ऐकत राही आणि जेथे आवाज येईल तेथे थांबे. बोलण्याचा सेट वेगळा होता.

अँटेना कौलांवर बांबूला बांधायची होती. तिच्यापासून सेटपर्यंत कोॲक्सियल केबल. तिच्यात मधोमध तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर जाळी, वर काळे आवरण असते. दोन्ही टोकांस कनेक्टर बसतात. हे सामान निवडणे लान्स नायक कांबळे यांचे काम होते. मी त्यांचा मदतनीस होतो.

मी वजनाला हलकी अशी बारीक केबल उचलली. ते म्हणाले, “ती ठेव खाली. चढवाय सोपी, पर निम्मा आवाज वाटंतच पिती. जाड घे. आन् अखंड घे, मधी जोड नको.”

केबल खिडकीतून आत घेण्यापूर्वी त्यांनी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाईल. मग कनेक्टरची पेटी उघडली. आदल्या दिवशी सुभेदार साहेबांचे इन्स्पेक्शन होते. त्यासाठी मी बॅजची पॉलिश लावून सहा कनेक्टर आरशासारखे केले होते. साहेब ‘शाबास’ म्हणाले होते.

कांबळे यांनी एक कनेक्टर नाकाशी धरला.

“पॉलिश लावलीस व्हय रं?”

“व्हय अण्णा. साहेब खूश झाले की.”

“साहेब झाले. ह्याच्यावर चांदीचा मुलामा हुता, त्यो घासून काढलास. आत पॉलिशची पूड बसलीय. ओल धरली की ह्यो नुसता खरखर करणार.” पेटीच्या तळाशी काळपट पडलेले दोन कनेक्टर होते. ते त्यांनी काढले. “चांदी काळी पडली तरी चालती. हे तुझ्या आक्काला दे, नथीत बसवंल.”

सर्व जवान हसले. तो अपमान मला सहन झाला नाही. दुपारी कांबळे जेवायला गेले असता मी कौलांवर चढलो, त्यांनी बसवलेला वरचा काळा कनेक्टर काढून पेटीत ठेवला आणि माझा चकचकीत बसवला. हे कृत्य मी शुद्धीवर असताना, स्वखुशीने केले.

१४१० वाजता पाऊस वाढला. १४२५ वाजता स्कॅनर तीन नंबरवर थांबला. आवाज नव्हता, फक्त खरखर होती. मी बोलण्याच्या सेटवरून विचारले, “तीन, पुन्हा सांगा.” पुन्हा खरखर.

कांबळे आले. त्यांनी कान लावला आणि माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

“बदललास?”

“व्हय.”

 पेटीतला काळा कनेक्टर खिशात घालून ते भर पावसात कौलांवर गेले. मी हेडफोन लावून बसलो. १४३८ वाजता खरखर तुटली आणि इराप्पांचा आवाज स्वच्छ आला.

“तीन बोलतोय. इंजिन बंद. बाभळीला दोर बांधलाय. अकरा माणसं, दोन बाळंतिणी. दोर सुटाय लागलाय. ओव्हर.”

मी उत्तर दिले, “समजलं. दोन नंबर येतोय. दोर धरून ठेवा.”

१५०५ वाजता सर्व अकरा जण वखारीत होते. कोणीतरी चहा केला. एका बाळाने सुभेदार साहेबांची टोपी भिजवली.

साहेबांनी मला हेडफोन लावून बोलताना पाहिले होते, म्हणून रिपोर्टमध्ये माझे नाव लिहिले. मी कांबळे यांना म्हटले, “अण्णा, साहेबांना खरं सांगतो.” ते बनियन पिळत होते. म्हणाले, “लिहू दे की. माणसं आली न्हाईत व्हय? चहा घे, निवतोय.”

मी चहा घेतला. खरे सांगितले नाही.

त्यानंतर आम्ही तीन वर्षे एकत्र काढली. जे काम मला येते ते त्यांनी शिकवलेले आहे. ते दिवस सुखाचे गेले. पुढे उत्तरेकडील बर्फातल्या चौकीवर अँटेनाची तुटलेली केबल जोडत असताना हिमकडा कोसळून लान्स नायक मारुती कांबळे कामी आले. वय एकतीस.

सबब ग्रामस्थांस विनंती की, फलकावरील माझे नाव खोडावे. रंगाखाली झाकू नये, खोडलेले दिसू द्यावे. त्यापुढे कांबळे यांचे नाव हुद्द्यासह लिहावे आणि ते लिहिताना त्यांच्या आईस समोर खुर्ची द्यावी. निर्णय लेखी कळवावा. होकार आल्यास रंग व ब्रश घेऊन मी स्वतः हजर राहीन.