मावशीचं गाऱ्हाणं
धर्माबद्दल लिहिण्याइतकी माझी समज नाही, आधीच क्षमा मागतो. पण आज हॉस्टेलवर कुणीतरी काजू भाजले आणि वेंगुर्ल्याच्या बंदराजवळची ती पत्र्याची खोली आठवली. काजू कारखान्यात राबणारी माझी विधवा मावशी एका रविवारी मला तिथल्या ख्रिस्ती प्रार्थनेला घेऊन गेली. तिचा मुलगा ट्रॉलरवर गेला होता, त्याचा काही पत्ता नव्हता. गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान पुरुषांचा, आणि तिच्यासाठी कुणी तोंड उघडलं नव्हतं. इथे पास्टरने माईक थेट तिच्या, काजूच्या चिकाने काळ्या पडलेल्या हातात दिला. ती देवळातल्यासारखंच म्हणाली, "बा देवा येशू म्हाराजा, माझो झील जंय आसात थंयसून घराक हाड रे म्हाराजा!" आणि सगळी खोली गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या जुन्या सवयीने गरजली, "व्हय म्हाराजा!" पास्टर गोंधळला, मग हसून "आमेन" म्हणाला. बाहेर येताना मी चाचरत म्हटलं, "मावशे, हो आपलो देव न्हय." ती म्हणाली, "माका बोलूक तरी दिल्यानी रे." परवा आईचा फोन आला. गेल्या महिन्यात कारवारकडे मावशीच्या मुलाचं प्रेत मिळालं. आणि त्यानंतरच्या रविवारीही मावशी तिथे गेली, दुसऱ्या एका आईच्या गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला.