रजिस्टरबाहेरचे वाचक

शाळेतली पोरं त्यांना शूबाई म्हणत. खरं तर एकोणीस वर्षांत बाईंनी वाचनालयात कुणाला एकदाही 'शू' केलेलं नव्हतं, पण पोरांनी ठेवलेल्या नावाला काय, शेंडा ना बुडखा! नोकरी हंगामी. दर वर्षी नवं पत्र यायचं आणि ते हातात पडेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

मग एके वर्षी वरून हुकूम आला. शाळेच्या ग्रंथपालाकडे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी. दोन वर्षांत मिळवा आणि कायम व्हा, नाही तर घरी बसा. बाईंचा नवरा वायरमन. शिडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणजे बाईंनी घरी बसायची सोयच नव्हती. "पन्नाशीला टेकलीस, आता कसल्या परीक्षा देतेस?" असं तो एकदाच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने डाव्या हाताने भाजी चिरायला बसला.

शनिवार-रविवार वर्ग. विषय शालेय आणि कुमार ग्रंथालयं. बरोबरच्या सगळ्या मुली लेकीच्या वयाच्या. वर्गीकरणाच्या आकड्यांनी बाईंच्या नाकी नऊ आणले, पण कुठल्या पोराला कुठलं पुस्तक द्यावं यावर बाई बोलायला लागल्या की त्याच मुली पेन खाली ठेवून ऐकत. बाई खूश होत्या हो! शिकण्याचं सुख त्यांना इतक्या उशिरा मिळत होतं.

शेवटी लघुप्रबंध आला. 'आपल्या शाळेतील ग्रंथालयाचा वापर.' बाईंनी पाच वर्षांची देवघेव रजिस्टरं काढली, बेरजा मारल्या, पुन्हा एकदा मारल्या. सातशे पोरांच्या शाळेत पुस्तक नेणारी पोरं जेमतेम चाळीस.

आता यातली गोम अशी. रजिस्टरात नाव चढलं की महिनाअखेरीला ते प्रगतिपुस्तकातून घरी जायचं. आणि घरं काय सगळी सारखी असतात? सातवीतल्या एका पोरीचा बाप घरात गोष्टीचं पुस्तक दिसलं की फाडायचा आणि वर पोरीला मारायचा. दुसऱ्या एकाला दुकानावर बसवायचे, वाचताना दिसला की शिव्या. अशी पन्नास-साठ पोरं मधल्या सुट्टीत कपाटांमागे जमिनीवर बसून वाचायची, घंटा झाली की पुस्तक जागेवर ठेवून पळायची. "बाई, माझं नाव नका लिहू," असं त्या सातवीतल्या पोरीनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बाईंनी लिहिलं नाही, तिचंही नाही आणि बाकीच्यांचंही नाही.

मार्गदर्शक मॅडमना त्यांनी हे सांगितलं. मॅडम वैतागल्या. "अहो, नावं नका लिहू, पण डोकी तरी मोजायची! रोज पाटीवर चार रेघा ओढायला काय झालं होतं?"

काय होणार? सुचलंच नव्हतं. वाचणारी पोरं मोजायची असतात, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"आता अंदाजाने काही घातलंत तर बनावट आकडे म्हणून प्रबंध परत येईल," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टरात आहे तेवढंच लिहा."

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "म्हणजे नोंदीबाहेर वाचक नाहीतच?" बाईंना कपाटांमागची पोरं दिसली, नवऱ्याचा हात दिसला, कायम झाल्याचं पत्रही दिसलं. शेजारी मॅडम डोळे वटारून बसलेल्या.

"नाहीत, सर," बाई म्हणाल्या.

पहिला वर्ग मिळाला. शाळेने सत्कार केला आणि लघुप्रबंधाची एक प्रत मुख्याध्यापकांनी कौतुकाने मागून घेतली. महिन्याभराने त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, तुमचंच संशोधन आहे. चाळीस पोरांसाठी एवढी मोठी खोली अडवून ठेवायची? तिथे संगणक बसवू. तुमची काळजी नको, तुम्ही कायम झालात. ऑफिसात दाखले लिहायला माणूस हवाच आहे."

"सर, कपाटांमागे पोरं बसतात. रोज बसतात."

"मग प्रबंधात का नाही लिहिलंत?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दोन दिवस त्या मुख्याध्यापकांच्या दाराशी उभ्या राहिल्या, विनवण्या केल्या, पण ठराव सहीशिक्क्यासकट झाला होता. नवरा म्हणाला, "नोकरी टिकली ना? बस झालं." बाईंना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पुस्तकं रद्दीच्या गाडीत भरली जात होती त्या दुपारी ती सातवीतली पोर दाराशी आली. आत बसायला जमीन होती, पण कपाटं गेली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, वाचायला कुणी येत नाही म्हणून बंद केलं, असं सर वर्गात म्हणाले. मी तर रोज यायचे."

"हो गं बाळा."

पोर चपला काढून आत आली, थेट टेबलापाशी.

"मग लिहा माझं नाव. बाबांनी मारलं तरी चालेल. मी बाकीच्यांनाही बोलावते, सगळ्यांची लिहा."

रजिस्टरं सकाळीच ऑफिसात जमा झाली होती. बाईंना ते पोरीला सांगवेना.