डावऱ्याचं नाव, बेकरीवाल्याचं नाक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, डावखुरे. खिळा ठोकायला डावा, दार ढकलायला डावा आणि समोरच्याला आडवा करायलाही डावाच. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये त्यांचं नाव पडलं डावरा. ते असं चिकटलं की ताईच्या लग्नात पाहुणे मला बाजूला घेऊन विचारत होते, "नवऱ्या मुलाचं खरं नाव काय हो?"

मॅची ते पुष्कळ खेळले, पण लोकांच्या तोंडी एकच राहिली, शहराच्या अजिंक्यपदाची. समोर होता बेकरीवाला. पीठ मळून मळून त्याचे दंड मुसळासारखे झाले होते आणि त्याला तोवर कुणी पाडलं नव्हतं. मॅचभर दाजींनी नुसता मार खाल्ला. मग एकदाच बेकरीवाल्याचा उजवा हात जरासा खाली आला आणि दाजींचा डावा थेट त्याच्या नाकावर बसला. बेकरीवाला खाली बसला तो उठलाच नाही. त्याचं नाक कायमचं एका बाजूला वळलं.

पस्तिशीच्या आसपास दाजींनी ग्लव्ह्ज काढले आणि ते फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागले. बाहेर ऊन मी म्हणत असतानाही आत दोन स्वेटर घालून सफरचंदाच्या पेट्या रचायच्या. काम चांगलं होतं, संसार चांगला होता, मुलगी शाळेत पुढे होती. सगळं आलबेल. आणि चाळिशी उलटल्यावर एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "मी पुन्हा उतरतोय."

शहरात नवं क्रीडा सभागृह झालं होतं. ते भरायला आयोजकांना जुनं नाव हवं होतं. पोस्टरवर दाजींचा पंचविशीतला फोटो छापला, डोक्यावर भरगच्च केस. ताई पोस्टरकडे बघून म्हणाली, "यांना शोधून आणा आणि खेळवा. आमचे हे तर टकले आहेत."

मी दाजींना विचारलं, "कशाला हे? कशाची कमी आहे तुम्हाला?"

ते बोटं मोडू लागले. मग म्हणाले, "लोकांना वाटतं मी रिंगमध्ये कधी घाबरलो नाही. दर वेळी घाबरायचो रे. त्याची सवय लागते. आता सकाळी उठतो तर कशाचीच भीती नसते. जगणं बेचव लागतं."

आतून ताईचा आवाज आला, "बेचव लागतं तर वरून मीठ घ्या. तोंड कशाला फोडून घेताय?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने ठणठणीत आहेत. दाजींनी 'ठणठणीत' तेवढं ऐकलं, 'वयाच्या मानाने' ताईने. पहिल्या मॅचला समोर एक सुटलेल्या पोटाचा ट्रकचालक दिला होता. दाजी आरामात जिंकले, आणि ते जिंकणंच नडलं. पुढच्या मॅचला नाव आलं एका चोविशीतल्या वेल्डरचं. तो चवताळलेल्या मांजरासारखा हलायचा.

मॅचच्या आधीच्या रविवारी बेकरीवाला दाजींच्या घरी आला. इतक्या वर्षांत तो कधी त्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. कागदात गुंडाळलेला गरम पाव त्याने टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "डावऱ्या, ही मॅच खेळू नकोस."

"तुला काय त्रास आहे?"

"मलाच त्रास आहे. रोज कुणीतरी विचारतं, नाकाला काय झालं? मी छाती काढून सांगतो, डावऱ्याने मोडलं. उद्या तुला त्या पोराने झोपवलं की मी काय सांगू? कुणीही लोळवतो अशा माणसाने मोडलं म्हणून?"

दाजी हसले. "नाव माझं आहे. ते काय शोकेसमधली बाहुली आहे, धूळ बसेल म्हणून काचेत ठेवायला?"

"तुझं एकट्याचं कसलं? त्यात माझं नाक आहे!" बेकरीवाल्याचा आवाज चढला. "तू जिंकलास तेव्हा मी हरलो होतो, विसरलास?"

दाजींनी ऐकलं नाही. बेकरीवाला गेल्यावर ताईने पाव कापला आणि सगळ्यांच्या ताटात वाढला.

मॅचच्या संध्याकाळी दाजींच्या कोपऱ्यात त्यांचे कोच आणि मी होतो; पाण्याची बादली आणि स्टूल माझ्याकडे होतं. पहिल्या फेरीत दाजी पायांवर छान होते. दुसऱ्या फेरीत मला दिसलं की त्यांना सगळं कळतंय, वेल्डरचा हात कुठून येणार, कुठे वाकायचं, पण कळल्यावर अंग हलायला क्षणभर उशीर होतोय. तेवढ्या उशिरात दोन ठोसे बसत होते. एकदा त्यांचा डावा वेल्डरच्या जबड्यावर बसला. सभागृह उठून उभं राहिलं. वेल्डर झिंगला, दोरांना टेकला, आणि दाजींना पुढे धावताच आलं नाही. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

चौथ्या फेरीत ते पडले. उठले. पुन्हा पडले, पुन्हा उठले. डावा डोळा बंद झाला होता. कोचना त्यांनी आधीच बजावलं होतं, काही झालं तरी टॉवेल टाकून हार मानायची नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या, कुणी ओरडलं, "आजोबा, घरी जा!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बेकरीवाला उठला, कोचच्या खांद्यावरचा टॉवेल हिसकला आणि रिंगमध्ये भिरकावला. त्याला तो हक्क नव्हता. पण रेफरी निमित्ताचीच वाट बघत असावा. त्याने मॅच थांबवली. दाजी दोरांवरून वाकून एवढंच म्हणाले, "तू कोण रे?" आणि त्यांनी बेकरीवाल्याशी बोलणं टाकलं.

डोळ्याचा पडदा फाटला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याने आता धूसरच दिसतं. त्याहून वाईट म्हणजे लोकांची तोंडं. हरला एवढ्यावर थांबतील तर ते लोक कसले! न्हाव्याच्या दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "हा कसला चँपियन? ती जुनी मॅचसुद्धा ठरवलेलीच असणार." म्हणजे एका संध्याकाळचा डाग मागे मागे पसरत पार त्या अजिंक्यपदापर्यंत गेला होता. हे मी घरी सांगितलं नाही. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

तेच वाक्य एका गिऱ्हाइकाने बेकरीत उच्चारलं. बेकरीवाल्याने त्याच्या हातातला पाव काढून घेतला, काउंटरवरून वाकून आपलं नाक त्याच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "हे ठरवून मोडलं का? बघ नीट. बोट लावून बघ!" गिऱ्हाईक पावाविनाच पळालं.

हे दाजींच्या कानावर आलं, तेव्हा अबोल्याला बरेच महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, मला रस्ता ओलांडताना कुणीतरी लागतं." रस्ता निमित्त होतं, हे मला कळलं.

बेकरीवाल्याने त्यांना पिठाच्या पोत्यावर बसवलं.

दाजी म्हणाले, "तू म्हणालास तसंच झालं. नाव गेलं."

"थोडं गेलं," बेकरीवाला म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "पण आता मी गोष्ट वाढवून सांगतो. म्हणतो, याच माणसाला म्हातारपणी मी वाचवला."

"म्हातारपणी?"

"टक्कल बघ की आरशात."

दाजी इतके हसले की दुखऱ्या डोळ्याला पाणी आलं. तेव्हापासून रविवारी सकाळी ते तिथेच असतात.

परवा ताई त्यांच्या डोळ्यात औषध घालत होती. मान मागे, तोंड उघडं, असे दाजी खुर्चीत बसलेले. तिने थेंब सोडता सोडता विचारलं, "खरं सांगा, पुन्हा कुणी विचारलं तर जाल?"

"आता कोण विचारतंय मला?"

ताईने बाटलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? नाही म्हणाले नाहीत."